नेपच्यूनवरचे नाताळगीत की झिमचे?

नाताळच्या संध्याकाळी घरच्यांना परग्रहवासीयांचे एखादे विडंबनगीत ऐकवायचे असेल आणि वेळ एकाच भागापुरता असेल, तर माझ्यापुढे अमेरिकन ॲनिमेशन मालिकांतल्या भागांची दोनच नावे येतात: 'फ्युचरामा'चा २००१ मधला 'अ टेल ऑफ टू सांताज' आणि 'इन्व्हेडर झिम'चा २००२ मधला 'द मोस्ट हॉरिबल एक्समस एव्हर'.

कल्पनेच्या धाडसात झिम पुढे आहे, हे मी आधीच मान्य करतो. पृथ्वी जिंकायला आलेला हा इर्क ग्रहवासी सांताचा वेश चढवतो आणि मग जे गीत घुमते, त्याचा थाट समूहगानाचा असला तरी शब्द मात्र सांतापुढे झुका, नाहीतर त्याच्या बुटांखाली चिरडले जाल, असे बजावणारे आहेत. भक्तिगीतातली शरणागती शब्दशः घेतली तर ती किती भयंकर वाटते, हे त्यातून नेमके उमगते.

मला खटकतो तो आवाज. झिम बोलण्यापेक्षा ओरडतोच अधिक; आमच्याकडे शेजारच्या खोलीत आई झोपलेली असते, त्यामुळे त्याच्या प्रत्येक आरोळीला मी आवाज कमी करतो आणि गीत सुरू होईपर्यंत तो इतका खाली गेलेला असतो की शब्दच हातचे निसटतात. दोनदा असे झाले, दुसऱ्या वेळी भाचीने "मामा, ते काय म्हणाले?" असे विचारले आणि मला सांगता आले नाही. विडंबनात शब्दच गेले, तर उरते काय?

'फ्युचरामा'तले नेपच्यूनवरचे गीत त्या मानाने साधे आहे. २८०१ साली बनवलेला यंत्रमानव सांता सगळ्यांनाच वाईट ठरवतो, त्यामुळे खेळणी करणाऱ्या चार हातांच्या नेपच्यूनवासीयांना कामच उरलेले नाही. मालिकेतला दुसरा यंत्रमानव बेंडर सांता होतो, कारखाना सुरू होतो आणि ते आनंदाने गाऊ लागतात. यंत्रे अवघड आहेत, बहुधा कुणीतरी मरेल, हेही ते त्याच उल्हासाने, स्वर जराही न बदलता गातात. अनेक दिवसांनी काम मिळालेल्या माणसाचा आनंद त्यात खरा वाटतो, म्हणून हसू येतानाच पोटात कालवतेही. गीत फार लवकर संपते, हा दोष मात्र आहे.

एकट्याने, हेडफोन लावून पाहणाऱ्याने झिमपासून सुरुवात केली तरी बिघडणार नाही, असे मला वाटते. घरात चार माणसे असतील तेव्हा मी नेपच्यूनच लावतो, आणि रिमोट हातात घेतो तो गीत पुन्हा मागे नेण्यासाठी.