नवतप्यात कस लागला: चिंतन केंद्राचा दहा महिन्यांचा अनुभव

नागपुरात वर्धा रोडवरच्या एका कॉलेजच्या आवारात हे केंद्र सुरू झालं तेव्हा ‘आणखी एक गेस्ट हाउस’ म्हणून मी नाक मुरडलं होतं. गेल्या ऑगस्टपासून मात्र शनिवारी संध्याकाळी जातो आणि रविवारी जेवूनच परततो. आमचा बारा जणांचा अभ्यासगट आहे. कोणी दीक्षाभूमीच्या शेजारी वाढलेलं, कोणी सेवाग्रामला नेमानं जाणारं, एक इतवारीतले जैन व्यापारी. त्यामुळे बौद्धांचं पंचशील, गांधीजींची एकादश व्रतं आणि जैनांचा अपरिग्रह एकाच सतरंजीवर भांडतात.

भिंती रॅट-ट्रॅप पद्धतीच्या आहेत. विटा कडेवर उभ्या रचून मधे पोकळी सोडलेली. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात या पद्धतीची बरीच घरं बांधली. विटा साधारण पाव हिश्श्यानं वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. वर कवेलू, म्हणजे कौलं, चारी बाजूंनी ओसरी. न्हाणीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून गाळून संत्र्याच्या झाडांना जातं, वास येत नाही. काळ्या मातीवरच्या पायवाटेच्या फरश्या मात्र वर्षभरातच उचकटल्या. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे आर्किटेक्टला कोणी सांगितलं नसावं.

पहिला महिना शिव्या घालण्यात गेला. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, म्हणजे सुगंधी मुळांचे पडदे, त्यांवर पाणी सोडणारी छोटी मोटर. पण ऑगस्टात हवाच ओली, ताटीतलं पाणी उडणार कसं आणि गारवा येणार कुठून? ताट्या ओल्या, आम्ही त्याहून ओले, चादरींना कुबट वास. त्यात माकडांनी कवेलू सरकवले आणि एका रात्री धार थेट माझ्या वहीवर. कवेलू फेरणारा माणूस मिळायला अडीच आठवडे लागले. तोवर वाचनालयात बादली.

25 मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला आणि मी माझे शब्द गिळले. बाहेर पारा 45च्या पुढे, लू सुटलेली, आणि आत वाळ्याचा वास. भर दुपारी दोन तास वाचन झालं, एकालाही डुलकी नाही. रात्री भिंती दिवसभराची ऊब परत करतात, तेव्हा खाटा अंगणात काढायच्या. मच्छरदाणी घरून न्या, तिथल्यांना भोकं आहेत.

याच दिवसांत व्यवस्थापनानं पाहुण्यांच्या दोन खोल्यांना एसी लावायचं ठरवलं. झालं, दोन रविवार तेच! कोणी म्हणे, 1936 साली सेवाग्रामच्या मातीच्या घरात बापू राहिलेच ना? जैन काका म्हणाले, “व्रत माझं आहे, पाहुण्याच्या माथी कशाला मारता?” मला ते पटलं. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मावशी दारातच थांबल्या. “तुमचं चालू द्या, पण एक डाव माह्या टिनाखाली येऊन बसा नं बाप्पा.”

आम्ही गेलो. दहा महिने ज्यांच्या हातचा झुणका आणि गोळाभात खाल्ला, त्यांचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला टिनाच्या शेडमध्ये आहे, हे मला माहीत होतं. पाहिलं मात्र नव्हतं. ना ओसरी, ना ताटी, भाकरीच्या तव्यावर टिनाची धग. पाच मिनिटांत मी बाहेर आलो. मावशी पहाटे पाचपासून तिथे असतात.

व्यवस्थापनाचं उत्तर: स्वयंपाकघर दुसऱ्या टप्प्यात. तो कधी, ते विचारलं तर हसतात. एसी आले. आम्ही वर्गणी काढून टिनावर चुन्याचे दोन हात मारले, आत एक जुना कूलर बसवला. मावशींच्या मते “थोडकं बरं हाय.”

राहायला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पूर्वेची खोली मागा, ऑगस्ट टाळा. मृगाच्या पहिल्याच सरीत अर्धा चुना वाहून गेला. येत्या शनिवारी पुन्हा ब्रश घेऊन चढायचं आहे, शिडी माझ्याकडे.