डीव्हीडी ऑथरिंग : पैसे एकाने घेतले, काम फुकटच्याने केलं

हा अनुभव रागात लिहितोय, त्यामुळे स्टार किती ते वाचणाऱ्यानेच ठरवावं. घरच्या मिनीडीव्ही (जुन्या कॅमकॉर्डरच्या छोट्या) कॅसेटच्या डीव्हीडी करायच्या म्हणून गेल्या वर्षी एका नावाजलेल्या कंपनीचं ऑथरिंग सॉफ्टवेअर (व्हिडिओला मेनू, चॅप्टर जोडून डिस्क बनवणारं) विकत घेतलं. आता पीसीची हार्डडिस्क गेली, एसएसडी बसवली, विंडोज नव्याने टाकलं, तर म्हणे ‘अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा संपली’. पावती जोडून मेल केला. उत्तर आलं की तुमच्या आवृत्तीचा सपोर्ट बंद झालाय, नवीन घ्या, सूट देतो. मग मी विकत घेतलं होतं की भाड्याने?

आजच्या काळात डीव्हीडी कशाला, असं विचारू नका. आत्याला लिंक पाठवली की ‘उघडत नाही रे’, पेनड्राइव्ह दिला की तो कपाटात. डीव्हीडी मात्र ती स्वतः लावते, बाण दाबते आणि मुंज बघत बसते.

सॉफ्टवेअर वाईट होतं असंही नाही. टाइमलाइन सुटसुटीत, चॅप्टर टाकणं सोपं. पण मेनू! त्यात मराठी नीट उमटतच नाही. ‘भिक्षावळ’ लिहिलं की पहिली वेलांटी भ सोडून पुढच्या क ला जाऊन चिकटते, क्ष फुटतो, क चा पाय मोडलेला आणि ष बाजूला एकटा. ‘विधी’ची तीच गत. फॉन्ट बदलून पाहिले. काही फरक नाही. दोष फॉन्टचा नव्हेच, अक्षरं जुळवणारा भागच त्यात नाही. सपोर्टचा सल्ला होता, इंग्रजीत लिहा. भिक्षावळ इंग्रजीत? टेम्प्लेटमध्ये ख्रिसमस ट्री आहे, फुगे आहेत, समुद्रकिनारा आहे. मुंडावळ्या बांधलेला बटू त्या समुद्रकिनाऱ्यावर कसा दिसतो ते आमच्या घरी सगळ्यांनी बघितलंय.

तर आता फुकटची मंडळी. विंडोज ७ च्या होम प्रीमियममध्ये डीव्हीडी मेकर आयताच मिळायचा, विंडोज ८ पासून तो काढून टाकला. डीव्हीडी फ्लिकची शेवटची आवृत्ती २००९ ची. फाइल टाका, डिस्क घ्या, इतक्यापुरतं ते अजून छान, पण मेनूची हौस भागत नाही. शेवटी डीव्हीडीस्टायलरवर आलो.

पहिल्या आठवड्यात मी याला ‘सरकारी फॉर्मसारखं दिसणारं’ म्हणालो होतो. ते मत आता मागे घेतो. दिसायला साधंच आहे, पण कुठलं बटण कुठे नेतं, क्लिप संपल्यावर मेनूवर परतायचं की पुढची क्लिप लावायची, हे सगळं आपल्या हातात राहतं. शिवाय मराठीचा तिढाही सुटला, कारण मेनूची अक्षरं मी ऑथरिंगमध्ये टाइप करतच नाही. इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचं फुकट सॉफ्टवेअर) मुक्ता फॉन्टने (आपल्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, फुकट) अख्खं पान बनवायचं, चित्र म्हणून काढायचं आणि मेनूची पार्श्वभूमी करायची. वर फक्त बटणांच्या पारदर्शक चौकटी. ४:३ म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकारासाठी पान ७६८ बाय ५७६ चं घ्या. पॅल (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीची फ्रेम ७२० बाय ५७६ असली तरी तिचे पिक्सेल चौरस नसतात. थेट त्या मापाने काढलंत तर टीव्हीवर अक्षरं फुगतात. कडेने दहा टक्के जागा मोकळी सोडा, जुने टीव्ही कडा खातात. बटणाच्या हायलाइटला पारदर्शक धरून चारच रंग मिळतात, म्हणून चमकदार छटांचा नाद सोडून सरळ अधोरेखा द्या. ही युक्ती विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही चालली असती म्हणा. पण मग पैसे कशाचे दिले?

बिटरेटचं, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा याचं, गणित थोडक्यात. ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये (विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं म्हणून ४.३७ दाखवतं, डिस्क खोटी नाही) दोन तास बसवायचे तर आवाज धरून साधारण ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) हाती येतात. विकतचं सॉफ्टवेअर आवाज मुकाट्याने पीसीएममध्ये (न दाबता, आहे तसा) ठेवायचं, म्हणजे त्यातले दीड एमबीपीएस सनई-चौघड्यालाच. एसी-३ (दाबून लहान केलेला आवाज) निवडून १९२ केबीपीएस ठेवलं की तोच वाटा चित्राला मिळतो. गर्दीच्या, हलत्या प्रसंगांत चौकडे दिसणं बरंच कमी झालं. मी तरी एका डिस्कवर दीड तासाच्या वर जात नाही.

फील्ड ऑर्डर तपासायला विसरू नका. फील्ड म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळींचा अर्धा भाग, आणि त्यातला कोणता आधी दाखवायचा तो क्रम म्हणजे ऑर्डर. मिनीडीव्हीत खालचं फील्ड आधी असतं. ते उलटं लागलं तर वरातीतल्या बँडवाल्यांचे हात थरथरताना दिसतात, आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटरवर हे बऱ्याचदा कळतच नाही. म्हणून दोन मिनिटांचा तुकडा रीरायटेबल डिस्कवर टाकून खऱ्या टीव्हीवर बघायचा, मगच पूर्ण एन्कोड (व्हिडिओ डीव्हीडीच्या रूपात बदलणं) लावायचा.

डीव्हीडीस्टायलरमधून आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) काढून इमेजबर्न या सॉफ्टवेअरने बर्न करतो. तेही २०१३ नंतर बदललेलं नाही, पण अडत काही नाही. वेग कमी ठेवून व्हेरिफायवर (बर्न नीट झालं का ते तपासणं) टिक करायची. आत्याकडचा प्लेअर जुना, त्यामुळे प्लस आरऐवजी (डीव्हीडी+आर) डॅश आर (डीव्हीडी-आर) कोऱ्या डिस्क.

विकतच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल दुसरं कुठलंच सॉफ्टवेअर उघडत नाही, त्यामुळे काकांच्या साठीचा मेनू पुन्हा पहिल्यापासून करतोय. सवलतीची मेल अजून येतेच आहे, दर सोमवारी, आता चाळीस टक्क्यांवर आलेत.