टर्मिनलमधल्या छुप्या गमती: संगणकवर्गात काय टाकावं, काय टाळावं

इंदूरमध्ये मराठी मुलांसाठी सुट्टीतला संगणकवर्ग घ्यायचा असेल आणि यंत्रांवर उबंटू 24.04 ही लिनक्स प्रणाली असेल, तर टर्मिनलमधल्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतल्या, गमतीच्या कमांड शिकवणीत जरूर घ्या. काळ्या खिडकीची धास्ती त्यांच्याइतकी पटकन दुसऱ्या कशाने जात नाही. मात्र सगळ्याच सारख्या गुणाच्या नाहीत. खाली ज्यांना चांगलं म्हटलंय, त्या बोलावल्यावरच येतात आणि कामाच्या मधे लुडबुडत नाहीत.

सुरुवातीला एसएल, काउसे, फॉर्च्यून-मॉड आणि एनकॅल ही चार पॅकेजं (तयार प्रोग्रॅम) टाका, म्हणजे यंत्रावर बसवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही मिनिटाभरात उतरतात. टाकल्यावर ‘कमांड सापडली नाही’ असं आलं तर घाबरू नका. पहिली तीन ‘/यूएसआर/गेम्स’ या फोल्डरमध्ये बसतात. साध्या वापरकर्त्याच्या पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, तो असतो. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून शिरलात किंवा डॉकरच्या (यंत्रातल्या वेगळ्या, बंदिस्त वातावरणाच्या) आत असलात तर बहुधा नसतो. पूर्ण पत्ता लिहिला की चालतं.

एसएल सर्वांत आधी दाखवा. फायलींची यादी मागणारी एलएस ही कमांड घाईत उलटी टाइप झाली, की उजवीकडून डावीकडे वाफेचं इंजिन धावत जातं. हा प्रोग्रॅम जपानमधल्या तोयोदा मासाशी यांचा, आणि इंजिनही तिथलंच, डी 51. दर चित्रामागे 40 मिलिसेकंद थांबतं, त्यामुळे 80 रकान्यांच्या खिडकीतून जायला साधारण साडेसहा सेकंद लागतात. खिडकी पूर्ण पडदाभर केली तर जास्त. कंट्रोल-सी दाबून ते थांबत नाही, कारण तो इशारा मुद्दामच दुर्लक्षित केलाय. थांबवायची सोय हवी असेल तर डेबियन-उबंटूच्या पॅकेजमध्ये ‘-ई’ हा पर्याय आहे. कॅपिटल ‘-एफ’ लावलं तर गाडी उडते, ‘-एल’ने छोटी गाडी येते. इंदूरजवळच्या पातालपाणीची मीटरगेज गाडी पाहिलेली मुलं ‘-एल’ पुन्हा पुन्हा मागतील. चुकीची शिक्षा म्हणून सहा सेकंद बसून राहावं लागतं आणि तेवढ्यात चूक काय झाली ते मुलाला आपोआप कळतं. पाचपैकी पाच.

खरा खजिना आहे फॉर्च्यून. मूळ संग्रह इंग्रजी सुविचारांचा, पण त्यात आपल्या म्हणी घालता येतात, आणि ते केल्याशिवाय हे पॅकेज अर्धंच वापरलं असं समजा. साध्या एडिटरमध्ये यूटीएफ-8 (देवनागरी साठवता येणाऱ्या संकेतपद्धतीतली) फाइल उघडा. एक म्हण लिहा, खालच्या ओळीवर फक्त % हे चिन्ह, मग पुढची म्हण. फाइलला इंग्रजी अक्षरांत नाव द्या आणि त्या नावावर ‘एसटीआरफाइल’ ही फॉर्च्यूनसोबत येणारी कमांड चालवा. शेजारी त्याच नावाची ‘.डॅट’ फाइल तयार होते. मग ‘फॉर्च्यून’पुढे पूर्ण पत्ता दिला की ‘नाचता येईना अंगण वाकडं’ हजर.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये केली असेल तर % नंतर एक न दिसणारं अक्षर राहतं. एसटीआरफाइलला % नंतर थेट ओळ संपलेली हवी असते, म्हणून सगळ्या म्हणी मिळून एकच लांबलचक म्हण होते. डॉस-टू-युनिक्स चालवून ती फाइल साफ करा. दुसरं, म्हण वाढवली किंवा दुरुस्त केली की एसटीआरफाइल पुन्हा चालवायलाच हवी. डॅट फाइलमध्ये प्रत्येक म्हण कितव्या बाइटवर सुरू होते त्याची नोंद असते. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, त्यामुळे जुनी नोंद वापरली तर म्हण मधूनच, कधी अक्षराच्या पोटातून सुरू होते आणि आधी चौकट किंवा प्रश्नचिन्ह दिसतं.

फॉर्च्यूनचं बोलणं काउसेकडे पाठवलं की गाय ते फुग्यात म्हणते. मराठी मजकुराला मात्र फुग्याची उजवी कड बहुतेक वेळा वाकडी येते, कारण मात्रा आणि जोडाक्षरांची रुंदी मोजणारा एक आणि काढणारा दुसरा. केडीईच्या कॉन्सोल या टर्मिनलमध्ये अक्षरं त्यातल्या त्यात नीट जुळतात. म्हणी एका ओळीत मावतील अशाच निवडा. चार गुण.

ही जोडी बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) टाकून दर वेळी टर्मिनल उघडताच दाखवायची असेल, तर ‘इंटरॅक्टिव्ह (समोर माणूस टाइप करत) नसेल तर परत फिर’ सांगणारा जो तुकडा उबंटूच्या फाइलमध्ये वरच असतो, त्याच्या खाली टाका. वर टाकलीत तर गाय एसएफटीपीच्या (दुसऱ्या यंत्राशी फायलींची देवाणघेवाण करण्याच्या) संवादात शिरते आणि फाइल पाठवणं अडतं.

अशा लुडबुडीचं गाजलेलं उदाहरण मॅन-डीबीचं, म्हणजे कमांडची माहितीपानं दाखवणाऱ्या ‘मॅन’च्या पॅकेजचं. रात्री बरोबर 00:30 वाजता ‘मॅन’ चालवलं तर एका जुन्या पॉप गाण्यातले शब्द छापले जायचे. 2011 मध्ये घातलेली ही गंमत 2017 मध्ये कुणाच्या तरी रात्रीच्या स्वयंचलित चाचण्या नापास करू लागली, आणि ती काढावी लागली. योग्यच केलं.

पॅकेजं टाकणाऱ्या एपीटी या कमांडची गाय वेगळं काही न टाकता मिळते: ‘एपीटी मू’ लिहा. अ‍ॅप्टिट्यूड हे त्याच कामाचं दुसरं साधन वेगळं टाकावं लागतं, पण त्याचं ‘मू’ शिकवायला जास्त उपयोगी. उत्तर येतं की इथे काहीही लपलेलं नाही. एक ‘-व्ही’ जोडा: खरंच नाही. दोन: आधीच सांगितलं ना? तीन: थांबवा हे! चार: बरं, एक दिलं तर जाल का? पाचला एका उंचवट्याचं चित्र, आणि सहाला खुलासा: हा सापाने गिळलेला हत्ती. ‘-व्ही’ वाढवत नेलं की प्रोग्रॅम जास्त बोलतो, हे मुलं इथे हसत शिकतात.

एनकॅल हे कॅलेंडर टाकल्यावर ‘कॅल 9 1752’ (सप्टेंबर 1752) करून पाहा. 2 तारखेनंतर थेट 14! ब्रिटनने त्या महिन्यात कॅलेंडर बदललं, त्याचे हे 11 दिवस. पेशवेकालीन कागदांच्या तारखा जुळवणाऱ्यांना हा घोळ चांगलाच माहीत असतो.

सूडोची (रूटचे अधिकार देणाऱ्या कमांडची) टोमणे मारण्याची सोय मात्र वर्गात नको. व्हीसूडोने (सूडोची सेटिंग फाइल बदलणाऱ्या कमांडने) ‘डिफॉल्ट्स इन्सल्ट्स’ ही ओळ घातली की चुकीच्या पासवर्डला इंग्रजीत टोला मिळतो. नवख्या मुलाला चुकल्यावर धीर हवा असतो. स्वतःच्या यंत्रावर घालणार असाल तर व्हीसूडोच वापरा. ते जतन करण्याआधी व्याकरण तपासतं. साध्या एडिटरमधली एखादी चूक सूडोच बंद पाडू शकते.

विम या एडिटरमध्ये ‘:हेल्प 42’ आणि ‘:स्माइल’ आहेत, पण उबंटूसोबत येणाऱ्या छोट्या आवृत्तीत मदतीच्या फायली नसतात. ‘विम’ हे पूर्ण पॅकेज टाका. पायथन 3 या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘फ्रॉम __फ्यूचर__ इम्पोर्ट ब्रेसेस’ लिहिलं की ‘नॉट अ चान्स’ असं उत्तर येतं. महिरपी कंस (ब्रेसेस) वापरणारी सी भाषा शिकून आलेल्यांना हे फार आवडतं. ‘इम्पोर्ट अँटिग्रॅव्हिटी’ ब्राउझर उघडतं, तेव्हा नेट नसलेल्या वर्गात त्याऐवजी ‘इम्पोर्ट धिस’ घ्या. त्याने छापला जाणारा मजकूर फायलीत अक्षरं 13 घरं सरकवून लिहिलेला आहे, आणि तो उलगडणारा प्रोग्रॅम लिहिणं हा मोठ्या मुलांसाठी तासाभराचा उत्तम गृहपाठ होतो.