रोलाय इन्फ्रारेड ४०० : मेणवलीच्या घाटावर चार रोल

पाऊस ओसरून ऊन पुन्हा लख्ख पडू लागते आणि गवत मात्र अजून हिरवेगार असते, असे जे दोन-तीन आठवडे सह्याद्रीच्या पायथ्याशी मिळतात, त्यांत कृष्णधवल इन्फ्रारेड फिल्म, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही टिपणारी फिल्म, वापरून पाहायची, असे माझ्या मनात बरीच वर्षे होते. यंदा ऑक्टोबरमध्ये तो योग आला. रोलाय इन्फ्रारेड ४०० या ३५ मिलिमीटर फिल्मचे चार रोल मी वाईजवळच्या मेणवलीत, कृष्णेच्या घाटावर आणि नाना फडणवीसांच्या वाड्याच्या आसपास वापरले आणि चारही घरीच डेव्हलप केले. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

कोडॅकची एचआयई ही प्रसिद्ध इन्फ्रारेड फिल्म २००७ साली बंद झाली. सुमारे ९०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश तिला दिसत असे; आपल्या डोळ्यांना साधारण ७०० पर्यंतचाच दिसतो. ती कॅमेऱ्यात भरण्यासाठी पूर्ण काळोख लागत असे, आणि तिच्यात मागून परतणारा प्रकाश अडवणारा थर नसल्यामुळे उजळ भागांभोवती एक मऊ वलय पसरत असे. इन्फ्रारेड म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर ते वलयच येते. रोलायच्या फिल्ममध्ये असा थर आहे, त्यामुळे तिच्यात ते वलय दिसत नाही, आणि ज्यांना तेच हवे आहे त्यांनी या फिल्मवर पैसे खर्च करू नयेत. मला स्वतःला हा तिचा गुण वाटतो, कारण झाडाच्या पानाची कड पानाची कड म्हणूनच निगेटिव्हवर उतरते. या फिल्मची मर्यादा सुमारे ८२० नॅनोमीटर आहे. इलफर्डची एसएफएक्स २०० ही फिल्म ७४० नॅनोमीटरच्या आसपास थांबते, त्यामुळे ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा फिल्टर लावल्यावर तिच्यासाठी प्रकाशाची फारच अरुंद फट उरते आणि झाडे पांढरी होण्याऐवजी करडी होऊन राहतात. हा फरक शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन निगेटिव्हमध्ये सहज कळतो.

पाने पांढरी का दिसतात, याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, पण त्यापलीकडच्या अवरक्त किरणांना ते अडवत नाही. हे किरण पानाच्या आतील पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांवर आदळून विखुरतात आणि बरेचसे परत बाहेर येतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९१० साली अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली, म्हणून या परिणामाला त्यांचे नाव मिळाले. निळे आकाश काळे पडते, कारण लांब तरंगलांबीचा प्रकाश हवेत फार कमी विखुरतो. दूरची धूसरताही त्याच कारणाने कमी होते. दाट धुक्याला मात्र हा नियम लागू नाही, कारण पाण्याचे थेंब त्यामानाने फार मोठे असतात; पहाटेच्या धुक्यातून पलीकडचा डोंगर दिसेल, या आशेने घाटात जाऊन बसण्यात काही अर्थ नाही.

मी होया कंपनीचा आर ७२ हा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर वापरला. तो डोळ्यांना जवळजवळ काळाच दिसतो, त्यामुळे लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यात आधी चौकट ठरवायची, फोकस करायचा आणि मग फिल्टर लावायचा, हा क्रम पाळावा लागतो. ट्रायपॉड त्यामुळे अपरिहार्य ठरतो. डब्यावर ४०० लिहिलेले असले तरी या फिल्टरसह मी फिल्मचा वेग, म्हणजे प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १२ धरला, म्हणजे पाच स्टॉपचा फरक (दर स्टॉपला दुप्पट प्रकाश लागतो). लख्ख उन्हात एफ ११ या अॅपर्चरवर (लेन्समधल्या छिद्राच्या आकारावर) एक तीसांश सेकंदापासून सुरुवात करून एक पंधरांश आणि एक अष्टमांश असे आणखी दोन फोटो प्रत्येक दृश्याचे घेतले. चारही रोलमध्ये बहुतेक वेळा एक पंधरांशाचीच निगेटिव्ह सर्वांत चांगली निघाली. प्रकाशमापकावर फार विसंबू नये, कारण तो दृश्य प्रकाश मोजतो आणि अवरक्त किरणांचे प्रमाण त्याला कळत नाही. सूर्य ढगाआड गेला की पानांचा शुभ्रपणा झपाट्याने ओसरतो, आणि तेव्हा फिल्म वाचवलेली बरी. जुन्या लेन्सवर फोकसच्या कड्याजवळ इन्फ्रारेडसाठी वेगळी तांबडी खूण असते. फोकस झाल्यावर ते अंतर त्या खुणेवर आणावे. अॅपर्चर एफ ११ इतके लहान असल्यास थोडी चूक खपून जाते.

पहिल्या रोलचे सहा फोटो वाया गेले. ही फिल्म पारदर्शक पॉलिएस्टरच्या पट्टीवर असते आणि बाहेर राहिलेल्या टोकातून प्रकाश काचेच्या नळीतून जावा तसा आत शिरतो. मी घाटाच्या पायऱ्यांवर, भर उन्हात रोल भरला. डेव्हलप झाल्यावर पाहिले, तर सुरुवातीच्या चौकटींवर कडेच्या छिद्रांच्या आकाराचे काळे डाग एकाखाली एक उमटले होते. पुढचे तीनही रोल मी वाड्याच्या आतल्या सावलीत, अंगावरच्या शालीखाली भरले आणि एकही डाग आला नाही. हीच पट्टी हाताने तुटत नाही, म्हणून चेंजिंग बॅगेत (अंधारात फिल्म हाताळण्याच्या काळ्या पिशवीत) कात्री ठेवायला विसरू नये.

डेव्हलपिंगसाठी डी-७६ हा डेव्हलपर एकास एक पाण्यात मिसळून वापरला. पुण्यात ऑक्टोबरमध्ये नळाचे पाणी सुमारे २७ अंशांवर असते आणि २० अंश गाठण्यासाठी मी बर्फाच्या दोन बाटल्या घातलेल्या टबात डेव्हलपर, त्याचे काम थांबवणारा स्टॉप बाथ आणि चित्र पक्के करणारा फिक्सर अर्धा तास ठेवून दिले. पत्रकात दिलेल्या वेळेपेक्षा मी सुमारे दहा टक्के कमी वेळ दिला, कारण काळे आकाश आणि पांढरी पाने यांच्यामुळे दृश्यातला काळ्या-पांढऱ्याचा विरोध आधीच फार तीव्र असतो. टँक पहिली तीस सेकंद हलवला आणि नंतर दर मिनिटाला दहा सेकंद. आमच्याकडे बोअरिंगचे जड पाणी येते, त्याचे ठिपके पारदर्शक पट्टीवर लगेच दिसतात, म्हणून शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्यात केली. एक सुख मात्र नमूद केले पाहिजे: वाळल्यावर ही फिल्म अगदी सपाट राहते, आणि स्कॅनिंगच्या चौकटीत वळलेल्या पट्टीशी झटापट करावी लागत नाही.

आता चित्रांबद्दल. घाटावरच्या काळ्या बेसॉल्टच्या पायऱ्या काळ्याच राहिल्या, नदीचे पाणी वरच्या काळ्या आकाशाचे प्रतिबिंब घेऊन शाईसारखे झाले आणि त्यांच्यामध्ये पिंपळ पांढरा उभा राहिला. भिंग लावून पाहिले, तर पिंपळाच्या पानांची लांब शेपटासारखी टोके एकेक मोजता येतात, आणि जी पाने सावलीत होती ती करडी आहेत, म्हणजे झाडाला उजेड कुठून मिळत होता हे त्या झाडातच वाचता येते. पायऱ्यांवर उतरणाऱ्या एका आजोबांची काळी छत्री चित्रात फिकट राखाडी आली. कापडाचे अनेक काळे रंग अवरक्त किरणांना काळे नसतात. फिल्मचा दाणा मात्र डोळ्यांत भरतो, विशेषतः आकाशात, आणि ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून दहा बाय बारा इंचांपेक्षा मोठा प्रिंट काढावा असे मला वाटत नाही. मोठा प्रिंट हवा असेल त्यांनी हीच फिल्म १२० या मोठ्या आकारात घ्यावी. त्या आकाराच्या, एकावर एक दोन लेन्स असलेल्या कॅमेऱ्यात वरच्या लेन्समधून दृश्य दिसते आणि फिल्टर फक्त फोटो घेणाऱ्या खालच्या लेन्सला लागतो, त्यामुळे चौकट पाहण्याचीही अडचण उरत नाही.

किंमत साध्या ४०० वेगाच्या कृष्णधवल फिल्मपेक्षा जास्त पडते आणि एका दृश्याला तीन चौकटी खर्च होत असल्याने छत्तीसच्या रोलमध्ये प्रत्यक्षात बाराच दृश्ये बसतात. ज्यांना स्वतः डेव्हलप करायची सवय आहे आणि ज्यांना झाडे मनापासून आवडतात, त्यांनी सप्टेंबरच्या शेवटी दोन रोल आणून ठेवावेत, आणि पहिल्या कोरड्या, निळ्या आकाशाच्या दिवशी सकाळी नऊच्या आत नदीवर पोहोचावे.