कॉलेजचं मोफत समुपदेशन: सात महिने, तेरा सत्रं, दोन मॅडम

ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजात खेळाचं सामान ठेवायच्या खोलीवर नवी पाटी लागली: 'विद्यार्थी समुपदेशन कक्ष'. कॅरम बोर्ड आणि फाटक्या नेट एका रात्रीत कुठं गेल्या देव जाणे. त्याच्या आधी, २५ जुलै २०२५ला, सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा असं सांगितलं होतं. आमच्याकडे पोरं तीन हजारांच्या वर आणि मॅडम एक. 'किमान एक' हे मॅनेजमेंटने 'एकच' असं वाचलं.

मी ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग, थर्ड इयर. मूळचा उदगीरचा, राहायला पुण्यात धनकवडीत, एका रूममध्ये तिघं. एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, बॅक डोक्यावर होती, नापास झालो होतो. लेक्चरला निघायचं म्हटलं की पोटात कळ यायची, दिवसभर पडून राहायचो आणि रात्री तीनपर्यंत टक्क जागा. घरी फोनवर मात्र "हो, जेवलो. हो, अभ्यास चालूय." रूममेटला म्हटलं समुपदेशनाला जाऊन यावं म्हणतोय, तर तो म्हणाला, "मग डायरेक्ट येरवड्यालाच नंबर लाव की." येरवडा म्हणजे तिथलं मनोरुग्णालय; पुण्यात हा विनोद लोक चहा मागवावा इतक्या सहज करतात. मीही हसलो आणि पुढचे पंधरा दिवस त्या खोलीकडं फिरकलो नाही.

मधल्या काळात बाहेर चौकशी केली. कोथरूडला एका ठिकाणी पन्नास मिनिटांचे १२०० रुपये सांगितले. माझी मेस महिन्याला ३२०० ची. विषय संपला.

कॉलेजचा फॉर्म इंग्रजीत होता. येण्याच्या कारणापुढं आठ-दहा चौकोन: डिप्रेशन, अँग्झायटी, रिलेशनशिप, अमुक तमुक. मला कशावर खूण करावी कळेना. शेवटी तळाला मराठीत लिहिलं, 'करमत नाही'. अठरा दिवसांनी नंबर लागला (हे लिहून ठेवा, अठरा दिवस). मी बसमध्ये दोन-चार इंग्रजी वाक्यं घोकून गेलो होतो. मॅडमनी फॉर्म वाचला, खाली ठेवला आणि विचारलं, "कधीपासून करमत नाही?" तेवढ्यावर माझा बांध फुटला. भिंतीपलीकडं झेरॉक्सचं मशिन आहे. मी रडतोय आणि पलीकडं कुणाच्यातरी जर्नलची पानं खर्रखर्र निघताहेत, असं दहा मिनिटं चाललं. मॅडमनी पाण्याचा ग्लास सरकवला आणि त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याला मी पैकीच्या पैकी मार्क देतो.

मग त्यांनी नियम सांगितले. इथलं बोलणं घरी किंवा एचओडींकडं (विभागप्रमुखांकडं) जाणार नाही. माझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला तरच सांगावं लागेल, आणि तेही आधी मला सांगून. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही गोपनीयतेचा हक्क आहे, हे मला तेव्हा कळलं. नंतर त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" मी दचकलो. आमच्याकडं हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, काढला की खरं होईल म्हणून. त्या म्हणाल्या, विचारल्यानं तसं काही कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते. माझ्या मनात तितकं नव्हतं. पण कुणी विचारलं याचंच बरं वाटलं.

आता खरं काम. चौथ्या सत्रात मी म्हणालो, "एम-थ्री यावेळी सुटलाच पाहिजे, नाहीतर पप्पांना तोंड कसं दाखवू?" मॅडमनी वहीत ते वाक्य लिहिलं आणि 'सुटलाच'मधल्या 'च'भोवती पेनाने गोल केला. म्हणाल्या, "हा काढून वाच." वाचलं. 'सुटला पाहिजे.' तेच वाक्य, पण छातीवरचा दगड जरा हललेला. आल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात मांडलेली ही पद्धत, असं त्यांनी सांगितलं. त्रास फक्त घडलेल्या गोष्टीचा नसतो, त्याबद्दल आपण मनात जो हट्ट धरतो त्याचाही असतो. एलिसला इंग्रजीत 'मस्ट' म्हणून अख्खा शब्द लागला, आपल्याकडं एका 'च'मध्ये काम भागतं. तेव्हापासून वहीत तीन रकाने: काय झालं, मनात काय आलं, मग मी काय केलं. मधल्या रकान्यात 'च' सापडला की गोल. पहिल्या आठवड्यात एकवीस गोल झाले. सगळ्यात मोठा 'घरच्यांनी एवढा पैसा घातलाय तर मी खूशच असलं पाहिजे' यातला.

झोप तरी सुधारेना, म्हणून मॅडमनी मानसोपचारतज्ज्ञाकडं चिठ्ठी दिली. समुपदेशक गोळ्या लिहून देत नाहीत, ते काम एमबीबीएसच्या पुढं मानसोपचार शिकलेल्या डॉक्टरांचं, हा फरक मला माहीत नव्हता. डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं, थायरॉइड आणि बी-१२. बी-१२ कमी निघालं. मेसची पातळ आमटी आणि मी शाकाहारी, दुसरं काय होणार.

आता तक्रारी, आणि त्या मॅडमविषयी नाहीत.

खोलीचं दार हजेरीच्या नोटीस बोर्डासमोर उघडतं. डिटेन्शनची यादी बघायला जमलेल्या साठ पोरांच्या देखत आत जायचं. वर लेक्चर बुडालं तर हजेरीसाठी कक्षाचा शिक्का असलेली चिठ्ठी क्लास टीचरना द्यायची. आत गोपनीयता आणि बाहेर जांभळा शिक्का! माझ्या लॅब असिस्टंटनं चिठ्ठी बघून सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालंय रे तुला?" मी त्यानंतर चिठ्ठी घेणं सोडलं आणि प्रॅक्टिकल संपल्यावरची ३:४० ची वेळ मागून घेतली. जाणाऱ्यांनी हेच करावं.

दुसरं जास्त लागलं. डिसेंबरमध्ये नऊ सत्रं झाल्यावर मॅडमचं कंत्राट संपलं. त्यांनाही आधी आठच दिवस कळलं होतं. शेवटच्या सत्रात त्यांनी माझ्या परवानगीने पुढच्या मॅडमसाठी एक पान लिहून ठेवलं. जानेवारीत नव्या मॅडम आल्या तेव्हा ते पान सापडेना. "सुरुवातीपासून सांगतोस का?" मला उठून जावंसं वाटलं. कुणाला एकदा सगळं सांगणंच जड, तेच दुसऱ्यांदा सांगताना आपण आपलीच गोष्ट पाठ करून म्हणतोय असं वाटतं. दोन सत्रं त्यात गेली. नव्या मॅडम वाईट नाहीत; जरा जास्त सल्ले देतात, 'टेकडीवर फिरायला जा' हा त्यांचा आवडता. गेलो एकदा तळजाईला, पाय दुखले, रात्री झोप मात्र लागली.

मधल्या तीन आठवड्यांत कुणीच नव्हतं तेव्हा मी एकदा रात्री दीडला १४४१६ लावला. टेलिमानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली, मोफत आणि चोवीस तास. भाषा निवडायला सांगतात, मराठी आहे. माझ्याशी पंचवीसेक मिनिटं शांतपणे बोलले. पुढच्या वेळी तोच माणूस मिळेल असं नाही, त्यामुळं वहीतलं काम तिथं पुढं सरकत नाही. पण रात्री दीडला कॉलेजचा कक्ष कुठं उघडा असतो? नंबर मी मेसच्या पाण्याच्या फिल्टरवर चिकटवलाय. येरवडावाल्या रूममेटनं त्याचा गुपचूप फोटो काढलेला मी पाहिलाय.

मार्क द्यायचे तर मॅडमना पाचपैकी साडेचार, खोलीला दोन, कंत्राटी पद्धतीला शून्य. एम-थ्री ४४ मार्कांनी सुटला. त्याचं श्रेय मॅडमना देऊ नका, मी क्लास लावला होता. पण पेपरच्या सकाळी पोटात कळ आली नाही, ते त्यांचं.

पुढची वेळ मंगळवारी ३:४० ची आहे. त्या दिवशी नेमका मायक्रोवेव्ह विषयाचा व्हायवा लागलाय, कुणाशीतरी बॅच बदलून घ्यावी लागेल.