पॉइंटच्या बुलेटला इलेक्ट्रॉनिक कीट: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

गाडी वडिलांच्या वेळची. कास्ट आयर्न इंजिनची ३५०, बारा व्होल्ट, गिअर उजवीकडे. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडून-तोडून प्लगला ठिणगी देणारा छोटा स्विच. ऊन तापायच्या आधी त्याची प्लेट काढून तेच काम करणारं सेन्सरचं कीट बसवलं, आता सोयाबीन निघालं. ज्यांचं हेच चाललंय त्यांना आधीच सांगतो: कीट चांगलं आहे, पण दुखणं दुसरीकडेच असेल तर पैसे पाण्यात.

माझ्या गाडीचं दुखणं असं होतं. सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला चालू. अंबाजोगाईहून लातूरला निघालं की रेणापूरच्या अलीकडे मिसिंग सुरू, मग फटफट करत बंद. बाभळीखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा टणाटण. "दादा, कार्बोरेटरमध्ये कचरा हाय," हे प्रत्येक मिस्त्रीचं ठरलेलं. कार्बोरेटर इतकं खोललं गेलं की त्याचे स्क्रू गोल झाले.

पेट्रोल की करंट, हे रस्त्यातच ठरवायचं, गाडी गरम असताना. आधी टाकीचं झाकण सैल करून पाहा. त्यातलं हवेचं भोक बुजलं तरी गाडी अशीच मरते. फरक नाही पडला तर झाकण घट्ट लावा, प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याचं अंग हेडला टेकवा (प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते) आणि किक मारा. निळी, कडक ठिणगी पडली तर करंट ठीक. माझी पिवळी, मरतुकडी. वर पॉइंटचं गोल झाकण काढलं तर पॉइंट उघडताना तिथंच ठिणग्यांची आतषबाजी. हे कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषून घेणारा छोटा डबा) गेल्याचं लक्षण. गार झाला की तोच कंडेन्सर शहाण्यासारखा वागतो, म्हणून गॅरेजमध्ये सापडत नाही. नवे टाकून पाहिले, पण हल्ली मिळतात ते टिकेनात. म्हणून कीट.

बसवणं अवघड नाही. पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या जागी चुंबक, पॉइंटच्या जागी सेन्सर, दोन वायरी कॉइलला. वायरी उलट्या लागल्या तर कीट जागेवर जळतं, एवढं सांभाळा. माझ्या कीटला जुनंच ऍडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) चालतं, त्यामुळे त्याची वजनं-स्प्रिंग मोकळी हलतात का ते त्याच वेळी बघून घेतलं. ती पुढं अडकलेली असतील तर किक अशी उलटी मारते की पिंढरी सुजते. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, नव्यानं लावावं लागतं.

फरक? मे महिन्याच्या दुपारी लातूरला जाऊन आलो, गाडी बंद पडली नाही. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजत जाते, गॅप कमी होतो, टायमिंग मागं सरकतं. ती कटकट संपली. ऑइल सीलमधून झिरपलेलं तेल पॉइंटवर बसायचं आणि दर थोड्या दिवसांनी पॉलिश पेपर घ्यावा लागायचा, तेही गेलं. ऍव्हरेज वाढतं म्हणतात. मला तसं काही जाणवलं नाही.

आता न आवडलेलं. ऍमीटरचा (करंट दाखवणारा) काटा मध्यावर आला, म्हणजे पॉइंट उघडून पिस्टन वर आला, की डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून पिस्टन जरा पुढं काढायचा आणि खटका सोडून किक मारायची, ही सवय पायात भिनलेली. हे कीट इंजिन थांबलं की कॉइलचा करंट स्वतःच तोडतं, त्यामुळे काटा काहीच सांगत नाही. पिस्टन कुठं आहे ते आता पायालाच ओळखावं लागतं. दुसरं म्हणजे बॅटरी. पॉइंटची गाडी अर्धमेल्या बॅटरीवर ढकलून तरी निघायची. कीट व्होल्टेज पडलं की सरळ हात वर करतं. श्रावणात एका रात्री हेडलाइट लावून सावकाश येताना हा प्रकार झाला. बॅटरी जुनी होती, शिवाय फ्रेमवरच्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज. बोल्ट घासून घट्ट केला, बॅटरी नवी टाकली, मग गाडी सुतासारखी. दोन्ही कामं कीटच्या आधीच करावीत.

आणि कीटची दुरुस्ती नाही. गेलं की नवं मागवा, कुरिअरची वाट पाहा. त्यामुळे जुनी पॉइंटची प्लेट, कॅम, एक चालू कंडेन्सर आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) टूलबॉक्समध्ये आहेत. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवला की गाडी घरापर्यंत येते.