पाइपलाइनमधला ताण: चुंबकीय स्मृती की बार्कहाउसेन?

पोलादावर ताण आला की त्याचं चुंबकीय वागणं बदलतं. ताण शोधायच्या या दोन्ही पद्धती, चुंबकीय स्मृती आणि बार्कहाउसेन, त्यावरच चालतात. स्मृती पद्धतीत पाइप मुद्दाम चुंबकित करत नाहीत. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पुरतं, लेपही सहसा खरवडावा लागत नाही, सेन्सर फिरवत पुढे जायचं. पण ताण कुठे साचलाय एवढंच ती सुचवते. आकडा मागितला की हात वर. शिवाय आधीच्या तपासणीत उरलेलं चुंबकत्व घोटाळा करतं, ते वेगळंच.

दुसरी पद्धत खडखडाटाची: पोलादाचं चुंबकन सलग नाही, छोट्या उड्यांनी बदलतं आणि त्यातून कुरकुर उठते. हाइनरिख बार्कहाउसेन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९१९ मध्ये टिपलेला हा खडखडाट ऐकायला बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र द्यावं लागतं. पोलादात तो साधारणपणे ओढीच्या ताणाने वाढतो, दाबाच्या ताणाने घटतो. इथे उत्तर मेगापास्कलमध्ये (ताण मोजायचं एकक) येतं, मात्र त्याच ग्रेडच्या नमुन्यावर कॅलिब्रेशन केलेलं असेल तरच, आणि तेही पृष्ठभागालगतच्या फार तर मिलिमीटरभर थराचं. मैलोन्‌मैल लाइन चाळायला मी पहिली घेईन, संशयित वेल्डपाशी दुसरी.